दोन सूत, वीस आटे

१९९८च्या मे महिन्यातली गोष्ट. कोल्हापूरजवळच्या एका गावात लग्नाचे व्हिडिओ शूटिंग करत होतो. कॅमेरा माझा, तिवई भाड्याची. मंगलाष्टके संपत आली, शेवटचे 'सावधान' झाले, आणि उधळलेल्या अक्षता टिपण्यासाठी मी कॅमेरा वर करायला गेलो, तो तिवईवरून मागे सरकून थेट खाली आला. खांद्यावर घ्यायचा तो व्हीएचएस कॅमेरा मी कर्ज काढून घेतला होता. हप्ते पुढे चौदा महिने भरत राहिलो. कॅमेरा पुन्हा चालला नाही. तिवईवर कॅमेरा चढवण्याचे काम माझ्याबरोबर येणाऱ्या पोराचे असे. वय सोळा-सतरा असेल. प्लेट नीट बसवली नाहीस म्हणून मी त्याला भर मांडवात नको ते बोललो. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही.

हा लेख त्या प्लेटविषयी आहे. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॅमेऱ्याच्या तळाला स्क्रूचे एक भोक असते. पूर्वी तिवईच्या डोक्यावरचा स्क्रू दर वेळी त्यात फिरवून आवळायचा आणि काढताना पुन्हा उलटा फिरवायचा. आता तळाला एक चपटी धातूची पट्टी कायमची आवळून ठेवतात. तिवईच्या डोक्यावर या पट्टीच्या मापाची खोबण असते आणि बाजूला खटका. पट्टी खोबणीत ठेवली की खटका बसतो. खटका ओढला की कॅमेरा हातात. बाजारातले तिचे नाव क्विक रिलीज प्लेट, मांडवातले नाव नुसते 'प्लेट'. छायाचित्रणाच्या इतिहासाची जी पुस्तके माझ्या वाचनात आली, त्यांत भिंगांवर प्रकरणे आहेत, फिल्मवर आहेत, शटरवर आहेत. या सांध्याला बहुतेक ठिकाणी एक ओळही मिळालेली नाही. गेली काही वर्षे मी त्याच्यामागे लागलो आहे.

सुरुवात प्लेटपासून करता येत नाही, स्क्रूपासूनच करावी लागते. आणि स्क्रूची गोष्ट छायाचित्रणाच्या बाहेर सुरू होते.

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेरची प्रक्रिया जाहीर झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८४१ साली, जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या यंत्रकाराने लंडनच्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे एक निबंध वाचला. विषय होता स्क्रूच्या आट्यांना एकच माप असावे हा. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध आहे असे तेव्हा कुणाला वाटण्याचे कारण नव्हते. व्हिटवर्थचा जन्म १८०३चा, स्टॉकपोर्टचा. लंडनमध्ये हेन्री मॉडस्लीच्या कारखान्यात तो काम शिकला आणि १८३३ साली मँचेस्टरला त्याने स्वतःचा कारखाना काढला. त्या काळी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे. एका बोल्टची नट दुसऱ्या बोल्टला बसेलच याची खात्री नसे. यंत्र उघडले की कुठली नट कुठल्या बोल्टची, हे सांभाळून ठेवावे लागे. एखादा बोल्ट तुटला तर ज्या कारखान्याने तो केला, त्याच्याच दारात जायचे.

व्हिटवर्थने केलेले काम मला फार आवडते, कारण ते साधे आहे. त्याने इंग्लंडातल्या निरनिराळ्या कारखान्यांतले स्क्रू गोळा केले, मोजले आणि त्यांची सरासरी काढली. आट्याच्या दोन बाजूंमधला कोन ५५ अंश ठरला. कुठल्या जाडीच्या स्क्रूला इंचात किती आटे, याचा तक्ता झाला. पाव इंची स्क्रूला इंचात २० आटे, तीन अष्टमांश इंची स्क्रूला १६. त्याने नवे माप शोधले नाही. लोक आधीच जे करत होते त्याचा मध्य काढला. म्हणूनच ते स्वीकारायला कुणाला फारसे जड गेले नसावे, असा माझा तर्क आहे. रेल्वेचे कारखाने, गोद्या, बॉयलरवाले सगळ्यांनी ते हळूहळू घेतले. तिवईवाल्यांनीही बाजारात मिळणारा स्क्रूच घेतला.

अर्थात तिवईला स्क्रू लागतोच असेही नव्हते. विलायती लाकडी कॅमेऱ्यांची एक मोठी जात अशी होती की कॅमेऱ्याच्या तळफळीतच पितळेची गोल चकती बसवलेली असे आणि तिवईचे तीन पाय थेट त्या चकतीत अडकवायचे. डोके वेगळे नाही, स्क्रू नाही, प्लेट नाही. ही रचना त्या कामाला शोभणारी होती. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चरने प्रसिद्ध केलेल्या ओल्या काचेच्या पद्धतीत काच ओली आहे तोवरच तिच्यावर चित्र घेऊन ती धुवावी लागे. म्हणजे छायाचित्रकार अंधाऱ्या तंबूत आणि तंबूबाहेर सारखा ये-जा करी, काचा आत-बाहेर होत, आणि कॅमेरा आपल्या तीन पायांवर जागच्या जागी उभा असे. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखी मंडळी तिच्यात आली, ती याच ओल्या काचेच्या काळात. कॅमेरा पटकन काढता यावा अशी गरजच कुणाला भासत नव्हती. काढायचा तो दिवसाचे काम संपल्यावर.

हलत्या चित्रांच्या सुरुवातीलाही हेच. हाताने दांडी फिरवून चालणारा कॅमेरा प्रत्येक फेऱ्याबरोबर तिवईला हिसका देतो, म्हणून तिवई जड आणि सांधा घट्ट हवा. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले आणि 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी त्यांनी 'अंकुराची वाढ' हा छोटा चित्रपट केला. कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपासमोर कॅमेरा रोखून दररोज थोडे थोडे चित्रण, असे महिनाभराहून अधिक दिवस. पडद्यावर ते रोप मिनिटभरात वाढताना दिसले. या कामात सगळ्यात मोठा वाटा कॅमेरा न हलण्याचा आहे. सांधा केसभर सरकला असता तर पडद्यावर रोपाऐवजी भिंतच नाचली असती. फाळक्यांच्या चिकाटीविषयी आपण पुष्कळ लिहितो. त्या सांध्याविषयीही कुणी लिहावे, असे मला फार दिवस वाटत होते.

गरज बदलली ती कॅमेरा लहान झाल्यावर. १८८८चा कोडॅक, मग १९२५ साली बाजारात आलेला लायका. कॅमेरा आता हातात राहू लागला आणि मधूनच तिवईवर चढू लागला. चढ-उतार सुरू झाली आणि स्क्रू फिरवण्याचा कंटाळाही. पाव इंचात पाच आटे, म्हणजे कॅमेरा बसवायचा तर चार-पाच फेरे. थंडीत, घाईत, अंधारात हे फेरे किती लांब वाटतात ते करणाऱ्यालाच ठाऊक.

इथे एक आडवळण घेतो. लायका जर्मन, म्हणजे मीटर-मिलिमीटरच्या देशातला. पण त्याच्या भिंगाचा स्क्रू मोजला तर व्यास ३९ मिलिमीटर निघतो आणि आटे इंचात २६, तेही व्हिटवर्थच्या घाटाचे. अर्धे माप फ्रेंचांचे आणि अर्धे इंग्रजांचे. लाइट्झ ही मुळात सूक्ष्मदर्शक बनवणारी कंपनी, आणि सूक्ष्मदर्शकांच्या भिंगांना १८५८ साली लंडनच्या सूक्ष्मदर्शक संस्थेने जे माप ठरवून दिले होते, त्यातले आटे व्हिटवर्थचेच. हात आणि हत्यारे ज्या मापाला सरावलेली असतात, तेच माप पुढच्या वस्तूत उतरते. तिवईच्या भोकाचेही तसेच झाले. जर्मनीत, फ्रान्समध्ये, स्वित्झर्लंडमध्ये, जपानमध्ये कॅमेऱ्याचे बाकीचे स्क्रू मिलिमीटरचे. तळाचे भोक तेवढे इंचाचे राहिले. जगाच्या बाजारातली तिवई बसली पाहिजे ना!

अमेरिकेत १८६४ साली विल्यम सेलर्सने फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटपुढे आपली वेगळी पद्धत मांडली. कोन ६० अंशांचा, आट्याचा माथा गोल न ठेवता सपाट, कारण तो करायला सोपा. अर्ध्या इंचाच्या स्क्रूला व्हिटवर्थचे १२ आटे, तर सेलर्सचे १३. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज आणि अमेरिकन एकमेकांची यंत्रे दुरुस्त करायला बसले तेव्हा या फरकाने त्यांना घाम फोडला, आणि १९४८च्या नोव्हेंबरात वॉशिंग्टनला ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी एका मापावर सह्या केल्या. कोन अमेरिकेचा घेतला गेला. योगायोग असा की पाव इंच आणि तीन अष्टमांश इंच या दोन जाड्यांना दोन्ही पद्धतींत आट्यांची संख्या एकच होती, २० आणि १६. त्यामुळे जुन्या विलायती तिवईवर नवा कॅमेरा बसत राहिला. कोनात पाच अंशांचा फरक पडतो, पण एवढ्या ढिल्या कामाला तो चालतो. आज हे माप आंतरराष्ट्रीय मानकसंस्थेच्या १२२२ क्रमांकाच्या मानकात नोंदलेले आहे.

आपल्याकडे १९५६च्या कायद्याने मीटर-किलोग्रॅम आले. पण कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कुठल्याही लेथवर जाऊन विचारा, पाव इंचाला आजही 'दोन सूत' म्हणतात आणि तीन अष्टमांशाला 'तीन सूत'. आठ सुतांचा इंच. व्हिटवर्थचा तक्ता म्हणजे सुतांचाच तक्ता आहे. मी पहिल्यांदा तिवईचा तुटका स्क्रू घेऊन तिथे गेलो तेव्हा लेथवरच्या मामांनी तो नखावर धरून पाहिला आणि गेज न लावताच म्हणाले, "दोन सूती. वीस आटं." व्हिटवर्थचे नाव त्यांनी ऐकलेले नव्हते.

आता प्लेटकडे येतो. एका स्क्रूचा दोष असा, की तो खेचून धरतो, पण फिरणे थांबवू शकत नाही. कॅमेरा आडवा असेपर्यंत ठीक. उभे चित्र घेण्यासाठी डोके एका बाजूला कलंडवले की कॅमेऱ्याचे सगळे वजन त्या स्क्रूभोवती फिरायला बघते; एका बाजूला कलंडवला तर स्क्रू आणखी आवळतो, दुसऱ्या बाजूला कलंडवला तर सैल होतो. लांब भिंग असेल तर विचारूच नका. व्हिडिओच्या प्लेटांवर स्क्रूच्या पुढे एक छोटी खुंटी असते, ती कॅमेऱ्याच्या दुसऱ्या भोकात जाते, ती याचसाठी. साध्या प्लेटांवर बूच किंवा रबर चिकटवलेले असते तेही याचसाठी. तळाचा स्क्रू आवळायला खाच असते आणि तीत नाणे घालून फिरवायचे असते. हल्लीची नाणी काही खाचांत जात नाहीत. माझ्या पिशवीत पंचवीस पैशांचे एक नाणे कायम असते. २०११च्या जूनअखेर ते चलनातून गेले, माझ्याकडे मात्र रोज चालते.

प्लेटेचा कुणी एक जनक नाही. हॅसलब्लाडच्या ५०० मालिकेतल्या कॅमेऱ्यांचा तळच असा घडवलेला होता की तो कंपनीच्या खोबणीत सरळ सरकावा. दूरदर्शन-बातम्यांच्या धंद्यात सोनीची व्हीसीटी-१४ ही पाचरीसारख्या तोंडाची प्लेट रुळली. कॅमेरा मागून पुढे ढकलायचा, पाचर आत जाते, मागचा खटका 'टक्' करतो. खांद्यावर कॅमेरा घेऊन धावणाऱ्या बातमीदाराला ती वरदान होती, आणि दुसऱ्या कंपन्यांनीही आपल्या कॅमेऱ्यांना तोच तळ दिला. इटलीत बस्सानो देल ग्राप्पा या गावी लिनो मॅनफ्रोटो या वृत्तछायाचित्रकाराने दिव्यांचे स्टँड करता करता १९७४ साली पहिली तिवई बाजारात आणली. त्याच्या कंपनीच्या प्लेटा जगभर गेल्या. षटकोनी, चौकोनी, बसक्या. पण त्याच एका कंपनीच्या निरनिराळ्या डोक्यांच्या प्लेटाही एकमेकींच्या खोबणीत बसत नाहीत.

माझी तक्रार इथे आहे. दोन सुती स्क्रू सगळ्यांचा होता. कुठलाही कॅमेरा कुठल्याही तिवईवर चढे. प्लेट आली आणि प्रत्येक कंपनीने आपली खोबण वेगळी केली. कॅमेऱ्याकडच्या बाजूला व्हिटवर्थचा सामाईक आटा आणि तिवईकडच्या बाजूला ज्याचा-त्याचा घाट, अशी ही दुतोंडी वस्तू. प्लेट हरवली की तिवई मेली. जिल्ह्याच्या गावांतल्या कित्येक स्टुडिओंच्या माळ्यावर मी चांगल्या धडधाकट तिवया पडलेल्या पाहिल्या आहेत, हाताएवढ्या पट्टीवाचून. १८४१च्या आधीचा काळच परत आल्यासारखा, जिने केली त्याच कंपनीच्या दारात जायचे. आणि तोपर्यंत कंपनीने ते डोके करणे बंद केलेले असते.

यातून थोडीफार सुटका झाली ती एका स्विस घाटामुळे. आर्का-स्विस ही १९२६ साली झ्युरिकला सुरू झालेली, मोठे स्टुडिओ कॅमेरे करणारी कंपनी. तिचे गोळ्याच्या सांध्याचे डोके छायाचित्रकारांच्या पसंतीला उतरले आणि १९९०च्या दशकात त्यावरचा पकडीचा घाटही. प्लेटेच्या दोन्ही कडा ४५ अंशांत आत कापलेल्या, म्हणजे डव्हटेल. पकडीचे दोन जबडे त्या तिरप्या कडांवर दाबले की प्लेट नुसती चिमटीत येत नाही, खालीही ओढली जाते. जेवढे आवळाल तेवढी बैठक पक्की. शिवाय प्लेट कितीही लांब करता येते आणि पुढेमागे सरकवता येते. निसटून पडू नये म्हणून टोकांना थांब-स्क्रू. अमेरिकेतल्या रिअली राइट स्टफ, कर्क अशा छोट्या कारखान्यांनी याच घाटावर एकेका कॅमेऱ्याच्या अंगाबरहुकूम प्लेटा करायला घेतल्या. कॅमेऱ्याच्या पाठीला टेकणारी कड ठेवली, फिरण्याचा प्रश्न मिटला. मग काटकोनात वळलेली प्लेट आली. उभ्या चित्रासाठी आता डोके कलंडवायचे नाही. कॅमेरा सोडवून बाजूच्या कडेवर पुन्हा बसवायचा. पुढे चिनी कारखान्यांनी हा घाट इतका उचलला की आज स्वस्तातली तिवईही बहुधा याच खोबणीची असते.

मात्र आर्काने आपल्या घाटाचे माप मानक म्हणून कधी प्रसिद्ध केले नाही. सगळ्यांनी एकमेकांचे पाहून केले. रुंदी साधारण ३८ मिलिमीटर धरतात, पण या कारखान्याची थोडी जास्त, त्या कारखान्याची थोडी कमी. स्क्रूने आवळायची पकड असेल तर फरक पचून जातो. खटक्याची पकड असेल तर तिचा जबडा ठरावीक अंतरावरच थांबतो, आणि प्लेट अरुंद असली तर खटका बसल्यासारखा वाटतो, बसलेला नसतो.

असली एक प्लेट मी उद्यमनगरातल्या त्याच मामांना दाखवली. त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला आणि हसले. "ह्यात नवीन काय न्हाई. आमच्या लेथच्या क्रॉस स्लाईडला ह्योच घाट हाय की." जाऊन पाहिले तर खरेच तसे आहे. लेथचे हत्यार ज्या सरकत्या तक्त्यावर बसते, तो तिरप्या कडांच्या खोबणीतच मागेपुढे होतो. लाकडातला हा जोड तर प्राचीन इजिप्तच्या पेट्यांतही सापडतो. झ्युरिकच्या लोकांनी रोज डोळ्यांसमोर असलेली गोष्ट कॅमेऱ्याखाली नेली, एवढेच. त्यांचे श्रेय मी कमी करत नाही. पण त्या घाटाच्या मालकीवरून कुणी वाद घालू लागला, तर त्याला आधी उद्यमनगरात पाठवावे म्हणतो.

२०२०च्या टाळेबंदीत माळा आवरताना तो पडलेला व्हीएचएस कॅमेरा हाती आला. भाड्याच्या तिवईची प्लेट त्याच्या तळाला तशीच आवळलेली होती. त्या गोंधळात ती परत करायची राहून गेली होती. त्या जातीचे एक डोके मी मधल्या काळात जुन्या बाजारातून घेतले होते. पंचवीस पैशांनी प्लेट सोडवली, डोक्यावर ठेवली, खटका सोडला. बसली. जरा तिरकी करून ढकलली तर मागे सरकली. व्हर्नियर लावला. प्लेट खोबणीच्या मापापेक्षा दीड मिलिमीटर अरुंद होती. मूळ प्लेट कधीतरी हरवली असणार आणि भाड्याने देणाऱ्याने दिसायला तशीच, दुसऱ्या कुणाची लावून दिली असणार. त्या पोराने ती कितीही नीट बसवली असती तरी कॅमेरा पडणारच होता.

त्याचा पत्ता काढायला मला आणखी दोन वर्षे लागली. तो इचलकरंजीत मंडप-डेकोरेशनचा टेम्पो चालवतो. दोन्ही वस्तू पिशवीत घालून गेलो आणि त्याच्या ओट्यावर बसून प्लेट कशी सरकते ते करून दाखवले. त्याने एकदा स्वतः करून पाहिले. म्हणाला, "तवाच सांगत हुतो दादा, टक् वाजलं न्हाई म्हणून. तुमी ऐकलं न्हाईसा." मला ते आठवत नव्हते. मी माफी मागितली, त्याने आतून चहा मागवला.

त्याची मुलगी रांगोळ्यांचे व्हिडिओ करते, मोबाईलवर. मोबाईलला स्क्रूचे भोक नसते, पण त्याला धरणाऱ्या चिमट्याच्या बुडाला असते, तेच दोन सुती. तिवई होती, प्लेट हरवली होती. "ही बसंल काय बघा की," म्हणून त्याने माझ्याकडची प्लेट तिच्या तिवईवर लावून पाहिली. बसली नाही.

त्या तिवईचे डोके घेऊन पुढच्या सोमवारी मी उद्यमनगरात गेलो. मामांनी खोबणीचे माप घेतले, ॲल्युमिनियमचा एक तुकडा शोधला आणि स्क्रू कितीचा ते न विचारताच दोन सुती टॅप काढायला खण उघडला.